लाल फोटोत आहे, निळ्या फोटोत नाही

आमचं काम दिवसा चालायचं. हे आधीच सांगून टाकतो. क्वेसार शोधायचं काम करत होतो असं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "मग रात्रभर जागायचात?" नाही. सकाळी कॉलेज उघडलं की आम्ही आकाश बघायला बसायचो. संध्याकाळी शिपाईमामा किल्ल्या वाजवत आले की आकाश कपाटात ठेवायचो आणि कुलूप लावायचो. खरी दुर्बीण मी पाहिली ती त्यानंतर बऱ्याच काळाने, आणि तेव्हाही तिच्यातून मला कुणी बघू दिलं नाही.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "पुण्याच्या संस्थेत इतकी वर्षं काढलीत, तिथलं काहीतरी लिहा." मी प्रयत्न केला. पण कागद घेऊन बसलो की मला बारामतीचंच आठवतं. म्हणून तेच लिहितो. मला लिहायची फारशी सवय नाही, त्यामुळे कुठे गडबडलो तर सांभाळून घ्या.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होतो. आमचं गाव वरकुटे, तालुका इंदापूर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करतात हे मला विचारायला घरी कुणी नव्हतं, आणि मी काय करतो हे समजून घ्यायला घरचे फार उत्सुक होते. हा दुहेरी त्रास होता.

भौतिकशास्त्राच्या खटावकर सरांनी मला प्रयोगशाळेत मदतीला घेतलं होतं. सर अतिशय सज्जन. विद्यार्थ्यांनासुद्धा "अहो" म्हणायचे. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: बारामतीत बसून एक क्वेसार शोधून काढायचा. जवळचा नको होता त्यांना. विश्व लहान असतानाचा, अगदी लांबचा हवा होता.

क्वेसार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक वस्ती. तिच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात वायू ओढला जातो, आणि आत पडण्याआधी तो इतका तापतो की एकटाच सगळ्या वस्तीपेक्षा उजळ दिसतो. लांबून बघितलं तर वस्ती दिसत नाही, फक्त तो पेटलेला गाभा दिसतो, एका ठिपक्यासारखा. तो क्वेसार. आता अडचण अशी की आकाशात ठिपके पुष्कळ, आणि क्वेसारच्या ठिपक्यावर नाव लिहिलेलं नसतं.

पण एक खूण असते. फार लांबून येणारा प्रकाश वाटेत ताणला जातो आणि लालीकडे सरकतो. जो निळा भाग उरतो तो वाटेतला हायड्रोजन खाऊन टाकतो. म्हणून आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो घ्यायचे, एक लाल काचेतून काढलेला, एक निळ्या काचेतून. जो ठिपका लाल फोटोत आहे आणि निळ्या फोटोत नाही, तो आपला उमेदवार. एवढंच काम. बाकी सगळं मान दुखणं.

पुण्याच्या एका संस्थेतल्या मॅडम सरांच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी आकाशाच्या काही तुकड्यांचे छोटे निगेटिव्ह सरांना वापरायला दिले होते. त्यावरून मोठे फोटो करून घ्यायचे, लाल आणि निळा शेजारी शेजारी ठेवायचे, आणि मी भिंग डोळ्याला लावून डावं बोट लाल फोटोवर, उजवं बोट निळ्यावर, असं ठिपक्या-ठिपक्याने पुढे सरकायचं. फोटोवर चौकोन पाडायला मी लाकडी चौकटीत दोरे ताणून एक जाळी केली होती. आई एकदा कॉलेजात आली तेव्हा तिने हे पाहिलं आणि म्हणाली, "आरं, हे तर तांदूळ निवडणं हाय." आणि पदर खोचून दहा मिनिटं तीही बसली. तिला तीन उमेदवार सापडले. तिन्ही भिंगावरचे डाग होते.

घरी समजावणं जास्त अवघड होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका रविवारी मला नीट समोर बसवलं.

"किती लांब हाय ते?"

"आबा, तिथून प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी नव्हती."

"मग आता तितं काय हाय?"

"आता ते विझलंही असेल."

आबांनी हिशेब जुळवला. "म्हंजे तुजा सर नसल्याली वस्तू हुडकतोय, आन तू त्याला मदत करतोयस."

इतक्या कमी शब्दांत मला कधीच सांगता आलं नव्हतं.

आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर एक कारकुनाची जागा होणार होती आणि तिथले साहेब आबांच्या ओळखीचे निघाले होते. गुढीपाडव्यापर्यंत हो-नाही सांगायचं होतं. दुसऱ्या बाजूला, पुण्याच्या मॅडम सरांना म्हणाल्या होत्या, "तुमच्या विद्यार्थ्याची उमेदवारांची यादी चांगली निघाली तर मी त्याला माझ्या प्रकल्पावर घेईन. काम करत करत एम.एस्सी. करेल." आबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "मॅडम हो म्हणाल्या तर पुनं. न्हाय म्हणाल्या तर काटा." त्यानंतर आमच्या घरात हा विषय इतकाच उरला. कुणी माझ्याकडे बघितलं की मला कळायचं, मनात काटा का पुणं चाललंय.

आता तात्यांची ओळख करून देतो. सगळं त्यांच्याभोवतीच आहे.

तात्या मूळचे पिंपळीचे. बारामतीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढावेत तर तात्यांनी, असं चारी बाजूच्या गावांत बोललं जायचं. त्याचं खरं कारण फोटो काढणं नव्हतं, टचिंग होतं. नवरीच्या गालावरची पुटकुळी, नवरदेवाच्या कपाळावरची जुनी खोक, सासऱ्याच्या टोपीवरचा डाग, तात्या बारीक ब्रश घेऊन सगळं नाहीसं करायचे. नरसिंहपूरला दर्शनाला जाऊन आलेली नवी जोडपी परत येताना तात्यांकडे उतरायची आणि होती त्यापेक्षा बरी दिसून घरी जायची. एका बाईंच्या फोटोतून त्यांनी शेजारी उभी असलेली नणंदसुद्धा काढून टाकली होती. ती बाई अजून तात्यांचं नाव काढते.

सरांनी निगेटिव्ह तात्यांकडे दिले. लाल फोटोंचं काम वैशाखात दिलं. ऐन लगीनसराई. तात्यांना जेवायला फुरसत नव्हती. त्यांनी फोटो धुतले, वाळवले आणि तसेच आमच्या हातात दिले. "सर, घाईत केलंय. राग धरू नगा." निळ्या फोटोंचं काम आषाढात दिलं. तेव्हा मुहूर्त संपले होते. तात्या मोकळे होते. निळे फोटो महिनाभराने मिळाले आणि इतके सुंदर होते की सर म्हणाले, "पाहिलंत? काळं कसं काळंभोर आलंय!"

मग मी निवडायला बसलो, आणि उमेदवार निघायला लागले.

पहिला सापडला तेव्हा सरांनी खुर्चीवरून उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन निघाले. त्या आठवड्यात तर इतके निघाले की हस्तांदोलन थांबवावं लागलं. लाल फोटोत बारीकसा पांढरा ठिपका, निळ्या फोटोत त्याच जागी शुद्ध काळोख. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. सर रोज थोडे उंच दिसायला लागले. एकदा मी त्यांना म्हणालो, भीत भीतच म्हणालो, "सर, जगात ह्या जातीचे फार थोडे सापडलेत ना? मग आपल्याकडे इतके कसे?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "अहो, आजवर कुणी नीट बघितलंच नसेल."

मला ते पटलं. खरं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. प्रत्येक ठिपक्याबरोबर पुणं जवळ येत होतं.

बातमी वरकुट्याला पोचायला वेळ लागला नाही. गावात गेलो की पारावरून हाक यायची. एकजण म्हणाला, "मिलिंदा, तुला आकाशात काय तरी घावलंय म्हणं. पाऊस कवा हाय ते बघ की जरा." दुसऱ्याने मुलीची पत्रिका आणली. मी म्हटलं, "काका, मी ज्योतिषी नाही." ते म्हणाले, "आसू दे. येवढ्या लांबचं दिसतंय तर जवळचं दिसलंच की." सरपंचांनी तर सत्काराचं ठरवूनच टाकलं, आमच्या वस्तीतल्या विहारासमोर. शाल इंदापुरातून आणूनसुद्धा झाली. आबांनी तर पांढरा सदरा इस्त्रीला दिला होता. आमच्या घरात इस्त्रीला कपडा जाणं ही फार मोठी गोष्ट होती.

सरांनी यादी मॅडमना पाठवली. मॅडमचं उत्तर आलं: "इतके उमेदवार पाहून आनंद झाला आणि काळजीही वाटली. निळे फोटो पुन्हा नव्याने काढून ताडून बघा. शनिवारी मी येते. त्यातले चांगले निवडून दुर्बिणीच्या वेळापत्रकात घालू." दुर्बिणीवर एक रात्र मिळायला तेव्हा सगळे शास्त्रज्ञ रांगेत असायचे. त्यातला वेळ मॅडम आमच्या शब्दावर खर्च करणार होत्या.

पौष महिना होता. पौषात लग्नं नसतात. सोमवारी मी निगेटिव्हवरून नवे निळे फोटो काढायला सांगून आलो, आणि बुधवारी दुपारी ते आणायला गेलो. स्टुडिओत शांतता होती. तात्या खिडकीशी बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात तीन केसांचा ब्रश, शेजारी वाटीत काळा रंग. समोर आमचा फोटो होता.

ते एकेक ठिपका बुजवत होते.

मी दारातच उभा राहिलो. तात्यांनी ब्रशचं टोक जिभेला लावलं, रंगात बुडवलं आणि अलगद टेकवलं. काही अब्ज ताऱ्यांची एक दीर्घिका गेली. मग त्यांनी फुंकर घातली आणि तिच्या शेजारची घेतली.

"तात्या," मी म्हणालो, "काय करताय?"

"या या. बसा. जरा ऱ्हायलंय." त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या निगेटिव्हवर लई धूळ हाय बघा. येवढी धूळ म्या जन्मात बघितली न्हाय. मोठाले ठिपके हायत ते तारं, ते म्या वळखतो, त्यांना हात लावत न्हाय. पर ही बारीक भुकटी! फोटू निस्ता भगभगीत दिसतो."

"मागच्या वेळीही केलं होतंत?"

"आषाढात? महिनाभर बसलोय!" आता त्यांनी वर बघितलं. चेहरा अभिमानाने फुलला होता. "यकाबी फोटूत तुमाला डाग दिसला का? सांगा."

"नाही तात्या," मी म्हणालो. "एकही दिसला नाही."

"आन लाल फोटू तसंच दिलं हुतं, लगीनसराईत. त्येची मला अजून लाज वाटती. म्हणलं सरांनी बोलून दाखवलं न्हाय, मानूस मोठा हाय."

ज्यांना फोटोग्राफीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला तर फोटोवर पांढरा ठिपका उमटतो. तो काळ्या रंगाने भरणं हे चांगल्या फोटोग्राफरचं कर्तव्यच. तात्यांनी कर्तव्य केलं होतं. मंद तारे आणि मंद दीर्घिका त्यांनी निळ्या आकाशातून झाडून काढल्या होत्या. लाल आकाश तेवढं तसंच राहिलं होतं, कारण वैशाखात त्यांना वेळ नव्हता. मी आणि सर जे क्वेसार मोजत होतो, ते मुहूर्त नसलेल्या महिन्यांत तयार झाले होते.

मी खाली बसलो. तात्यांनी पाणी दिलं. मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून ते घाबरले नाहीत. अतिशय मायेने म्हणाले, "मग त्यात काय येवढं? कुठं कुठं पायजेत ते सांगा. पांढरा रंग हाय माझ्याकडं. शनवारपतूर समदे परत बशिवतो."

खटावकर सरांना सांगणं जास्त कठीण गेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग निळा फोटो उचलला, खिडकीशी नेला, तिरका धरला. चकचकीत कागदावर जिथे जिथे ब्रश टेकला होता तिथे चमक गेली होती. उजेडात ते मंद डाग देवीच्या व्रणांसारखे उठून दिसत होते. इतके महिने आम्ही फोटो टेबलावर सपाट ठेवून भिंगातून बघत होतो. तिरका करायचं आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"मी शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा लिहिलं होतं," सर म्हणाले. मग फोटो खाली ठेवून म्हणाले, "अहो, तुमच्या आबांना काय सांगणार?"

मी त्याच दिवशी संध्याकाळची एसटी धरून घरी गेलो. आबा गोठ्यात होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, तिरक्या धरलेल्या फोटोसकट.

"म्हंजे घावल्यालं हरवलं?"

"नाही आबा. घावलंच नव्हतं."

"ह्ये मॅडमला ठावं हाय?"

"अजून नाही. शनिवारी सांगणार."

"आन न सांगता ऱ्हायलं तर?"

"तर त्या दुर्बीण तिकडे लावतील आणि तिथे साधा तारा निघेल. एकामागून एक. सगळे साधेच."

आबांनी वैरण टाकली. म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "मग काटा," ते म्हणाले.

"हो. मग काटा."

"बरं." आणि दाराकडे जाता जाता थांबून म्हणाले, "काट्यावरचा सायब मानूस चांगला हाय." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला कळलं. मला बरं वाटलं नाही, हे त्यांनाही कळलं. आत आई इस्त्रीचा सदरा घडी घालून ट्रंकेत ठेवत होती.

शनिवारपर्यंत मी यादीतला प्रत्येक उमेदवार पुन्हा तपासला. आधी निळा फोटो तिरका धरून बघायचा, मग तात्यांच्या खिडकीत बसून मूळ निळ्या निगेटिव्हवर भिंग लावायचं. निगेटिव्हवर ठिपका होता. पुढचा बघायचा, तोही होता. प्रत्येक वेळी तात्या शेजारून विचारायचे, "हा बी माजाच का?" मी मान हलवायचो. ते म्हणायचे, "अरारा. पर भरलाय कसा सुबक, बघा."

मॅडम आल्या. पंजाबी ड्रेस, खांद्याला शबनम पिशवी, आवाज एकदम रोखठोक. प्रयोगशाळेत सर, मी आणि तात्या. तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते सफारी घालून, ब्रशची पेटी घेऊन स्वतःच आले होते. "माझ्यामुळं झालंय, तर म्या नगं का?" असं त्यांचं म्हणणं.

सर बोलायला उठले, घसा खाकरला आणि माझ्याकडे बघून परत बसले. मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. फोटो तिरका धरून दाखवला एवढं आठवतं. मॅडमनी तो माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या.

"हे सगळं तुम्ही ब्रशने केलंत?" त्यांनी तात्यांना विचारलं.

"व्हय मॅडम. यकाबी ठिकाणी हात हाललेला न्हाय."

"सुरेख काम आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तात्या, ती धूळ नव्हती."

"आता कळलं की वो. पर ह्यांनी आधी सांगायचं न्हाय व्हय? नवरीच्या गालावर तीट हाय का डाग हाय, म्या घरच्यांना इचारून मगच ब्रश लावतो. आभाळाच्या घरचं कुणी आलंच न्हाय सांगाय."

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "यादीत उरलं काय?"

"दोन, मॅडम."

"ते खरे वाटतात?"

मनात सरळ दोन चित्रं होती. हो म्हणालो तर दोन उमेदवार म्हणजे काहीतरी आहे. नाही म्हणालो तर रिकाम्या हाताने जाणाऱ्या मुलाला पुण्यात कोण घेणार? पण ते दोन ठिपके मी इतक्या वेळा बघितले होते की त्यांची माझी ओळख झाली होती.

"एक नाही वाटत," मी म्हणालो. "निळ्या निगेटिव्हवर अगदी पुसट, पण आहे. दुसरा... निळ्यात खरंच नाही. पण जवळचा मंद लाल तारा असला तरी असाच दिसेल. मला सांगता येत नाही."

मॅडमनी यादी घडी करून पिशवीत ठेवली. "मला लोक याद्या पाठवतात," त्या सरांना म्हणाल्या. "प्रत्येकजण वाढवून पाठवतो. कमी करून हातात देणारा हा पहिला." मग मला म्हणाल्या, "क्वेसार शोधण्यात शोधणं थोडंच असतं. नसलेले काढून टाकणं हेच काम. जूनमध्ये या."

मला कळलं नाही. मी विचारलं, "मग काट्यावर नाही म्हणून कळवू?"

"कुठला काटा?" मॅडम म्हणाल्या. सर मात्र खुर्चीवरून उठले आणि त्यांनी पुन्हा एकदा माझ्याशी हस्तांदोलन केलं.

वरकुट्यातला सत्कार झालाच. सरपंच म्हणाले, "घावला न्हाय तर न्हाय. पोरगं पुन्याला चाललंय, आन शाल तर आणून पडलीय." विहारासमोर सतरंज्या अंथरल्या. आबा इस्त्रीचा सदरा घालून बसले. त्यांना बोलायचा आग्रह झाला. आबा आयुष्यात माइकसमोर उभे राहिले नव्हते. ते उठले, माइकपासून हातभर लांब उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोराला काय बी घावलं न्हाय. तरी त्याला पुन्यात घेतलंय. आजवर आपल्यातल्याला घावलं तरी कुणी घेत न्हवतं." आणि बसले. आधी हशा झाला. मग म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि त्या बराच वेळ चालल्या. फोटो अर्थात तात्यांनी काढले.

उरलेल्या त्या एका ठिपक्यावर मॅडमनी पुढे दुर्बीण लावली. तो तारा निघाला. मंद, लाल आणि आपल्या अगदी शेजारचा, म्हणजे त्या मानाने आपल्याच गल्लीतला. त्यानंतरची वर्षं मी हेच काम केलं. कागदी फोटो गेले, कॉम्प्युटर आला, आणि आता कॉम्प्युटर याद्या वाढवून देतो. मी अजूनही मुख्यतः काढून टाकतो. काही खरे क्वेसारही पाहिले, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे आलेख पाहिले. पहिला खरा आलेख पाहिला तेव्हा मी सरांना फोन केला. तोवर ते निवृत्त झाले होते. "बारामतीतून नाही सापडला ना पण," असं ते म्हणाले. हसत म्हणाले, पण ते मला अजून लागतं. तात्यांना वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांचं आजही मत आहे की आमच्या खात्यात धूळ फार, आणि साफ करायला माणूस नाही.

हे सगळं पुढचं. त्याआधी पुण्यातला प्रवेश राहिला.

एम.एस्सी.च्या अर्जाला फोटो हवे होते. तात्या म्हणाले, "माझ्याकडनं. भेट म्हणून." मी हात जोडून सांगितलं, "तात्या, टचिंग करू नका." ते दुखावल्यासारखे म्हणाले, "आता कशाला करतोय मी?" ब्लॅक अँड व्हाइट, चकचकीत कागदावरचे, पाकिटात घालून त्यांनी दिले. मी पाकीट उघडून बघितलं नाही. मला संशय घ्यायला लाज वाटली.

पुण्याला आबा बरोबर आले. काउंटरवरच्या कारकुनाने पाकिटातले फोटो काढले, माझ्याकडे बघितलं, शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे बघितलं आणि पुन्हा फोटोकडे.

"दाखल्यात लिहिलंय, डाव्या गालावर मोठा तीळ."

"हो," मी म्हणालो आणि गाल पुढे केला. तीळ जन्मापासून होता.

"फोटोत कुठाय?"

मी काचेतून वाकून बघितलं. फोटोतला माझा गाल स्वच्छ होता. नवरदेवाचा असावा तसा.

"चेहऱ्यावर आहे, फोटोत नाही," कारकून म्हणाला. "हा तुमचाच फोटो कशावरून? दुसरे घेऊन या." त्याने अर्ज बाजूला सारला. शेवटचा दिवस होता. मागे रांग होती. इतके महिने मी असेच ठिपके यादीत घातले होते आणि काढले होते. आता मीच एक होतो.

तेवढ्यात मागून एक हात काउंटरवर आला. आबांचा.

"सायब," आबा म्हणाले, "डाग भरलाय तो. खिडकीकडं जरा तिरका धरून बघा."

कारकून कंटाळलेला होता. पण आबांच्या आवाजात असं काही होतं की त्याने फोटो उचलला आणि खिडकीकडे तिरका धरला. उजेड कागदावरून सरकला. डाव्या गालावर, नेमक्या जागी, तिळाएवढा एक मंद डाग उठून दिसला.

कारकुनाने आबांकडे बघितलं. "तुम्ही फोटोग्राफर आहात का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "क्वेसारमधी हाय."

आणि अर्जावर शिक्का बसला.